अमेरिकन गाड्या फक्त सरळ पळतात आणि युरोपियन गाड्या वळतात, हे खरं आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: यूट्यूबवर अमेरिकन परफॉर्मन्स गाडी म्हणजे सहा लिटरचं व्ही-8 (आठ सिलिंडरचं) इंजिन आणि सरळ रस्ता दिसतो, युरोपियन म्हणजे छोटं टर्बो इंजिन आणि वळणं. हा फरक खरा का, लोक गाडी चालवतातही वेगळी का, आणि फिरायला गेल्यावर भाड्याने कुठे काय घ्यावं?

फरक खरा आहे, निदान होता. पण अमेरिकन इंजिनिअरना वळणारी गाडी बनवता येत नाही, हे त्याचं कारण नाही. जर्मनीत मर्सिडीज-पोर्शच्या गावी, श्टुटगार्टला, कँटीनमध्ये हे मी बऱ्याचदा ऐकलंय, ते सोडून द्या. रस्ता, पेट्रोलचा भाव आणि टॅक्स जसा, तशी गाडी निघते. आपल्याकडे चार मीटरच्या आतली, 1200 सीसीच्या आतली पेट्रोल गाडी टॅक्समध्ये स्वस्त पडते म्हणून डिकी छाटलेल्या सेडान आल्या. कुणा डिझायनरला ती शेपटी सुंदर वाटली म्हणून नव्हे.

मी पुण्याचा, गाड्यांच्याच धंद्यातला. आधी काही वर्षं जर्मनीत होतो, आता मिशिगनमध्ये आहे. त्यामुळे उत्तरात जर्मनी आणि डेट्रॉइट (मिशिगनमधलं, अमेरिकन गाड्यांचं शहर) जास्त येणार. इटली-फ्रान्सचं जेवढं पक्कं माहीत आहे तेवढंच लिहितो.

डेट्रॉइटच्या आसपास राहायला लागलं की पहिली गोष्ट जाणवते ती ही, की स्टिअरिंग फिरवायची वेळच फारशी येत नाही. 1785 च्या जमीन मोजणीच्या कायद्याने इथली जमीन मैल-मैलाच्या चौकोनांत आखली गेली आणि रस्ते त्याच रेषांवर पडले. रस्त्यांची नावंसुद्धा एट माइल, नाइन माइल, टेन माइल अशी. रस्ता रुंद, नाकासमोर सरळ आणि ठरावीक अंतरावर सिग्नल. अशा ठिकाणी वेगाची हौस भागवायला एकच जागा उरते: सिग्नल हिरवा झाल्यापासूनची पहिली दहा सेकंदं. 1950-60 च्या दशकांत डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर रात्री हेच चालायचं, आणि त्यात कंपन्यांचे इंजिनिअरही असायचे. त्याच खेळाचं अधिकृत रूप म्हणजे पाव मैलाची, म्हणजे 402 मीटरची ड्रॅग रेस. तिची संघटना एनएचआरए 1951 पासून आहे.

मग 1964 मध्ये पाँटिॲक या अमेरिकन कंपनीने मधल्या आकाराच्या गाडीत 6.4 लिटरचं इंजिन कोंबून जीटीओ विकायला काढली. पेट्रोल पाण्याच्या भावात, इंजिनाच्या आकारावर टॅक्स नाही. ताकद हवी असेल तर सीसी वाढवा, याहून सोपा आणि स्वस्त उपाय नव्हता.

एक गोष्ट युरोपवाले कायम विसरतात. तेलसंकटानंतर, जानेवारी 1974 मध्ये, अमेरिकेत देशभर ताशी 55 मैलांची, म्हणजे जेमतेम 88 किमीची मर्यादा आली. 1987 मध्ये शहराबाहेरच्या हायवेंवर 65 मैल झाली आणि कायदा पुरता गेला तो 1995 मध्ये. मधल्या काळात एक नियम असाही होता की स्पीडोमीटरवर 85 मैलांच्या पुढचे आकडेच छापायचे नाहीत. ज्या देशात तेरा वर्षं कुठेही 88 च्या पुढे जाणं गुन्हा होतं, तिथे 230 ला गाडी स्थिर राहते की नाही यावर पैसा कोण घालणार? गिऱ्हाइकाला पिकअप कळतो, रोज कळतो. टॉप स्पीड ब्रोशरमध्ये राहतो.

याचं टोक बघायचं असेल तर 2018 ची डॉज चॅलेंजर डीमन बघा. गाडीत फक्त ड्रायव्हरची सीट यायची, शेजारची हवी असेल तर एक डॉलर जादा मोजायचा. ड्रॅग स्ट्रिपसाठी पुढची अरुंद चाकं वेगळ्या पेटीत मिळायची. आणि ही गाडी नंबरप्लेट लावून किराणा आणायलाही नेता यायची! मला हा वेडेपणा मनापासून आवडतो.

आता जर्मनी. ऑटोबानच्या निम्म्याहून बऱ्याच जास्त लांबीवर कायमची वेगमर्यादा नाही, फक्त 130 ची शिफारस आहे. (बांधकाम, गर्दी आणि पाऊस धरला तर मोकळा रस्ता वाट्याला कमी येतो, ते वेगळं.) मोकळ्या पट्ट्यावर तुम्ही 200 ने चाललात, म्हणजे सेकंदाला 55 मीटर. उजव्या लेनमध्ये ट्रक आहेत, त्यांना 80 ची मर्यादा. त्यांच्या मागे अडकलेली एखादी छोटी गाडी इंडिकेटर देते आणि ओव्हरटेकला तुमच्या लेनमध्ये येते. आता तुम्हाला 200 वरून 100 वर यायचंय, गाडीचं नाक न हलता, आणि पाच मिनिटांनी पुन्हा तेच करायचंय. इथे 0 ते 100 किती सेकंदांत याला काडीची किंमत नाही. ब्रेक तापून सैल पडतात का, इंजिनाचं तेल तासभर फुल रेसमध्ये गार राहतं का, 180 ला स्टिअरिंग हातात घट्ट वाटतं का, हे प्रश्न असतात. जर्मन गाड्यांचा तो जडसर, रस्त्याला चिकटलेला फील इथून येतो. आणि म्हणूनच त्या मिशिगनच्या खड्ड्यांत, 70 मैलांच्या मर्यादेत चालवल्या की "एवढे पैसे कशाचे दिले?" असं वाटतं.

युरोपातल्या छोट्या इंजिनांचं रहस्य मात्र रस्त्यात नाही, सरकारी तिजोरीत आहे. इटलीत बरीच वर्षं दोन लिटरच्या वरच्या पेट्रोल गाडीवर 38 टक्के व्हॅट होता. त्यामुळे खुद्द फेरारीने 1980 मध्ये 208 जीटीबी नावाची गाडी काढली: व्ही-8, पण 1991 सीसीचं. ती इतकी मरगळलेली निघाली की 1982 मध्ये तिला टर्बो बसवावा लागला. लॅन्चिया या इटालियन कंपनीची डेल्टा इंटेग्राले दोन लिटर टर्बो होती, आणि बीएमडब्ल्यूने इटली आणि पोर्तुगालसाठी खास दोन लिटरची 320आयएस बनवली. फ्रान्सने तर कहर केलाय. तिथे कार्बन उत्सर्जनावर नव्या गाडीला एकरकमी दंड बसतो. 2024 मध्ये त्याची कमाल 60 हजार युरो होती, म्हणजे फोर्डची व्ही-8 मस्टँग घेतली की दुसऱ्या मस्टँगचे पैसे सरकारला.

पेट्रोल महाग, गल्ल्या अरुंद, पार्किंग मुश्कील, आणि तरी तरुण पोराला मजा हवी. त्यातून 1976 ची फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय आली: 1.6 लिटर, 110 हॉर्सपॉवर, वजन आठशे किलोंच्या थोडं वर. कंपनीला वाटलं पाच हजार खपतील, खपल्या लाखांनी. सोमवारी ऑफिस, शनिवारी भाजी, रविवारी घाट, सगळं एकाच गाडीत. अमेरिकेत हे काम करायला अशी गाडी लागतच नव्हती, कारण घराबाहेर तीन गाड्या लावायला जागा होती.

अमेरिकन व्ही-8 ला मागासलेलं म्हणणाऱ्यांसाठी थोडं. त्या इंजिनात कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असतो, तिथून पुशरॉड वर जाऊन व्हॉल्व्ह उघडतात. युरोपियन व्ही-8 मध्ये चार कॅमशाफ्ट वर हेडवर बसतात. परिणाम असा की 6.2 लिटरचं अमेरिकन इंजिन बाहेरून मापायला गेलं तर चार-साडेचार लिटरच्या युरोपियन इंजिनापेक्षा बुटकं आणि अरुंद निघू शकतं. बांधायला स्वस्त, दुरुस्तीला सोपं. शेव्हरलेटने ही स्मॉल-ब्लॉक मांडणी 1955 मध्ये आणली आणि त्यांच्या आजच्या कॉर्व्हेट स्टिंगरे या स्पोर्ट्स कारमध्येही तीच आहे. लिटरमागे किती हॉर्सपॉवर हा हिशेब ज्या देशात लिटरवर टॅक्स आहे तिथे लागू होतो. नसेल तर किलोमागे आणि डॉलरमागे किती, हा हिशेब खरा.

आणि वळण्याबद्दल. मस्टँगला, एखादी खास आवृत्ती सोडली तर, 2014 पर्यंत मागे अखंड ॲक्सल होता, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर, एक उसळलं की दुसरंही हलणार. त्यामुळे टोमणा तोवर चालून गेला. पण 2020 पासून कॉर्व्हेटचं इंजिन सीटमागे गेलं, आणि तिच्या झेड-झिरो-सिक्समध्ये टर्बो नसलेलं 5.5 लिटरचं 670 हॉर्सपॉवरचं इंजिन 8600 आरपीएमपर्यंत ओरडतं. याउलट बीएमडब्ल्यूच्या नव्या एम-5 या स्पोर्ट्स सेडानचं वजन 2400 किलोंच्या वर गेलंय. आता कोण कोणाला हसणार?

एक गंमत राहिली. अमेरिकेत नव्या गाड्यांमध्ये मॅन्युअल गिअरवाल्या शंभरात एक-दोन. तरी 2005 च्या पिढीतल्या एम-5 ला मॅन्युअल गिअरबॉक्स मिळाला तो फक्त उत्तर अमेरिकेत, कारण तिथले शौकीन अडून बसले. युरोपात सामान्य माणूस नाइलाजाने क्लच दाबत होता आणि तिथल्या एम-5 वाल्याला मात्र फक्त सेमी-ऑटोमॅटिक मिळत होती.

चालवण्याच्या सवयींचं मूळ लायसन्समध्ये आहे. जर्मनीत चौदा थिअरीचे तास, वर हायवे, गावाबाहेरचे रस्ते आणि रात्र धरून बारा सक्तीचे खास धडे, प्रथमोपचाराचा कोर्स, आणि एकूण खर्च तीन हजार युरोंच्या घरात. भारतीय लायसन्सवर तिथे राहायला गेल्यापासून सहा महिने चालवता येतं, मग दोन्ही परीक्षा द्याव्याच लागतात. आरशात बघून भागत नाही. लेन बदलताना खांद्यावरून मान वळवून मागे पाहिलं नाहीत तर परीक्षक तिथेच विषय संपवतो. खुणा नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो सायकलवरचा शाळकरी पोरगा का असेना. मिशिगनमध्ये लेखी परीक्षा आणि रोड टेस्ट मिळून प्रकार बराच सौम्य. त्यात तथ्यही आहे: अमेरिकेत बहुतेक ठिकाणी गाडीशिवाय दूधही आणता येत नाही, लायसन्स दुर्मीळ करून चालणार नाही.

याचा परिणाम रस्त्यावर दिसतो. जर्मनीत उजवीकडून ओव्हरटेक केलं की दंड. डावी लेन फक्त ओव्हरटेकपुरती, काम झालं की बाजूला व्हायचं. मागून डिपर आला तर अपमान मानायचा नाही, साइड द्यायची. समोरच्या गाडीपासूनचं अंतर निम्म्या स्पीडएवढं मीटरमध्ये: 120 ला 60 मीटर. पुलावरच्या कॅमेऱ्यात ते अंतर मोजलं जातं आणि पत्र घरी येतं. अमेरिकेत डाव्या लेनमध्ये क्रूझ कंट्रोल लावून निवांत बसलेला माणूस हा रोजचाच. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर उजवी लेन अडवून घाट चढणारा ट्रक आठवा, तोच बाणा. मग सगळे जिकडून फट मिळेल तिकडून काढतात. इंडिकेटर ऐच्छिक, आणि कित्येक गाड्यांना मागचा इंडिकेटर लालच असल्याने दिला तरी ब्रेक लागल्यासारखं वाटतं.

पण जर्मनांचं कौतुक इथेच थांबवतो. नियम त्यांच्या बाजूने असला की ते एक इंच सोडत नाहीत. तुमचं चुकलं तर हॉर्न, हातवारे आणि काच खाली करून प्रवचन. अमेरिकन चौकात चारही बाजूंना स्टॉपची पाटी असते, जो आधी आला तो आधी निघतो, आणि दोघं एकदम आले तर "जा बाबा तू" म्हणून हात हलवतात. रोज ऑफिसला जायला मला हीच पद्धत बरी वाटते.

गाडीत फेरफार करण्यातही हाच फरक. मिशिगनमध्ये नियमित फिटनेस तपासणी नाही, धुराचीही नाही. शेजारचा माणूस गॅरेजमध्ये सुपरचार्जर बसवून संध्याकाळी फिरून येतो. जर्मनीत दर दोन वर्षांनी तपासणी, आणि वेगळ्या मापाची चाकं बसवली तरी त्यांचा मंजुरीचा कागद लागतो, नाहीतर पासिंग गेलं. माझ्या एका जर्मन सहकाऱ्याच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये स्प्रिंगपासून सायलेन्सरपर्यंत प्रत्येक सुट्या भागाच्या कागदांची जाडजूड फाइल होती. पोलिसाने थांबवलं की तो ती फाइल अभिमानाने काढायचा.

सुरक्षिततेचा आकडा मात्र अमेरिकेला लाजवणारा आहे. लोकसंख्या जर्मनीच्या चौपट, पण रस्त्यावरचे मृत्यू वर्षाला 40 हजारांच्या आसपास. जर्मनीत ते तीन हजारांच्या मागेपुढे. जास्त मैल, दारू, सीटबेल्टचा आळस, प्रचंड पिकअप ट्रक, सगळंच त्यात आहे. एकट्या वेगाला दोष देऊन हे गणित सुटत नाही.

भाड्याचं म्हणाल तर अमेरिकेत मस्टँग कन्व्हर्टिबल घ्या, मोठ्या एअरपोर्टवर सहज मिळते आणि पश्चिमेकडच्या लांब रस्त्यांवर तिचा अर्थ कळतो. पोलिसाने थांबवलं तर गाडीतून उतरू नका, हात स्टिअरिंगवर ठेवा. जर्मनीत स्पोर्ट्स कारच्या नादी लागू नका, ताकदवान डिझेल स्टेशन वॅगन मागा. 180 ला ती शांत चालते आणि चार बॅगा सहज मावतात. मॅन्युअल चालत नसेल तर बुकिंग करतानाच ऑटोमॅटिक सांगा. आणि टाकी अर्ध्यावर आली की भरा, 200 च्या वर ॲव्हरेज निम्म्यावर येतं आणि ऑटोबानवर पेट्रोल संपून थांबलात तर त्याचाही दंड होतो.