तुमचे प्रश्न: 'संदर्भ - गुगल' एवढं लिहिलं तर चालतं का?

या वेळी बहुतेक मेल शाळेच्या प्रोजेक्टचे आलेत, आणि जास्त करून पाचवी ते दहावीच्या पालकांचे. सगळी घ्यायला जागा नाही, त्यातली चार घेतेय.

प्रश्न: ताई, मुलगा आठवीत आहे. प्रोजेक्ट दिला की पहिल्यांदा झेरॉक्सच्या दुकानात जायचा, तिथला दादा नेटवरून काढून रंगीत प्रिंट द्यायचा. आता तेही बंद, चॅटजीपीटीला विचारतो आणि वहीत उतरवतो. शेवटी 'संदर्भ - गुगल' लिहून मोकळा. बाईंनी पूर्ण मार्क दिले. मी ओरडले तर म्हणतो सगळेच असं करतात. काय करू?
*- एक आई, चिंचवड*

उत्तर: खरं सांगू का, मुलाचं फार चुकलंय असं मला वाटत नाही. 'प्रदूषणाची माहिती लिहा' असा विषय दिला तर दुसरं होणार काय? ती माहिती आधीच कुठेतरी लिहिलेली आहे, त्याने फक्त उचलून वहीत ठेवली. आधी दुकानातला दादा ठेवायचा, आता मशीन ठेवतंय. विषयच असा हवा की ज्याचं उत्तर कुठल्याच पानावर तयार मिळणार नाही. म्हणजे 'पावसाळा' नको, 'आमच्या तालुक्यात गेल्या दहा वर्षांत जूनमध्ये जास्त पाऊस पडला की सप्टेंबरमध्ये' हे चालेल. मग त्याला लेख नाही, आकडे शोधावे लागतील. महाराष्ट्र कृषी विभागाच्या साइटवर तालुक्यांचे पावसाचे आकडे असतात ते बघायचे, हवामान खात्याचे बघायचे, एक्सेलमध्ये भरायचे, आणि मग चॅटजीपीटीला खुशाल विचारू दे की ग्राफ कसा काढतात. ते मी मदत घेणं समजते, कॉपी नाही.

आणि संदर्भाचं म्हणाल तर 'गुगल' लिहिणं म्हणजे कुणी पत्ता विचारला तर 'रिक्षाने आलो' सांगण्यासारखं आहे. कुठल्या संस्थेचं पान, पानाचं नाव काय, कुठल्या तारखेला बघितलं, एवढं लिहायला लावा. चॅटजीपीटीने सांगितलेली प्रत्येक गोष्ट मूळ पानावर जाऊन बघायची हा घरचा नियम करा, कारण ते कधी कधी नसलेली पुस्तकं पण आत्मविश्वासाने सांगतं. मार्कांबद्दल बाईंशी भांडू नका, एका वर्गात साठ वह्या तपासायच्या असतात त्यांना.

प्रश्न: मॅडम मी नववीत आहे, पाटण तालुका. कोयनेच्या भूकंपावर प्रोजेक्ट करतोय. आमच्याकडे सगळे 11 डिसेंबर 1967 म्हणतात, पुस्तकात पण तेच. पण अमेरिकेच्या यूएसजीएस या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या साइटवर 10 डिसेंबर आहे. एका ठिकाणी 6.3 रिश्टर आणि एका ठिकाणी 6.5. कोणाचं चुकलंय? सर म्हणाले पुस्तकातलं लिही.
*- एक विद्यार्थी*

उत्तर: अरे वा, तू तर खरा प्रोजेक्ट सुरू केलास! कोणाचंच चुकलेलं नाही. भूकंप झाला आपल्या घड्याळाने पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी. यूएसजीएस जगभरचे भूकंप एकाच वेळेत नोंदवतं, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत, आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. 4:21 मधून साडेपाच तास वजा कर, आदल्या रात्रीचे 10:51 येतात. म्हणून 10 तारीख. आता किल्लारीचा बघ, आपण 30 सप्टेंबर 1993 म्हणतो, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, पण त्यांच्याकडे 29 सापडेल. सरांना हे दाखव, त्यांनाही आवडेल.

रिश्टरचं जरा वेगळं आहे. भूकंपाची तीव्रता मोजायच्या पद्धती एकापेक्षा जास्त आहेत, आणि जुन्या भूकंपांचे आकडे नंतर पुन्हा मोजले जातात. तू दोन्ही आकडे लिही आणि कोणता कुठून घेतला ते समोर लिही. किल्लारीच्या मृतांच्या आकड्यातही असाच फरक आहे, कुठे साडेसात-आठ हजार तर कुठे जवळपास दहा हजार.

पण आता माझा तुला प्रश्न. एका भूकंपावर निबंध लिहून थांबणार आहेस का? यूएसजीएसच्या त्याच साइटवर सर्चमध्ये नकाशावर चौकोन काढता येतो. कोयना धरणाभोवती चौकोन काढ, 1960 पासूनची यादी माग, फाइल एक्सेलमध्ये उघडते. मग कुठल्या महिन्यात जास्त धक्के बसतात ते मोज. धरणात पाणी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला साठायला लागलं आणि त्यानंतरच धक्के जाणवायला लागले, म्हणून शास्त्रज्ञ इतकी वर्षं या भागाच्या मागे आहेत, याच कामासाठी कोयना भागात 3 किलोमीटर खोल बोअर मारलंय आणि कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. जलसंपदा विभाग धरणांचा साठा जाहीर करतं, तो तुझ्या यादीच्या शेजारी ठेवून बघ काही दिसतंय का. नाही दिसलं तर 'दिसलं नाही' हेच तुझं उत्तर, मार्क कापले जाणार नाहीत, कापले तर मला लिही.

दोन गोष्टींना फसू नकोस. एक, यूएसजीएसच्या यादीत भारतातले छोटे धक्के बहुतेक नसतातच, साधारण साडेचार तीव्रतेच्या पुढचेच जास्त मिळतात. छोट्यांसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राची साइट बघ, तिथे वेळ भारतीयच दिलेली असते, म्हणजे दोन याद्या एकत्र करताना साडेपाच तासांचा घोळ परत होणार. दुसरं, जुन्या वर्षांत यादी रिकामी दिसेल, पण त्याचा अर्थ भूकंप कमी होते असा नाही, तेव्हा मोजणारी यंत्रंच कमी होती. आणि गावातल्या ज्या आजी-आजोबांनी 1967 ची ती पहाट बघितली त्यांच्याकडे बसून ऐक, नाव-गाव नको, फक्त वय आणि तेव्हा कुठे होते ते लिही. नेटवर हे मिळत नाही.

प्रश्न: जिल्हा परिषद शाळेत सातवीला शिकवतो. मुलांना नेटवरचे प्रोजेक्ट द्या असं वरून सांगतात, पण वर्गात माझा एकच फोन, आणि रेंज शाळेच्या मागच्या टेकडीवर. शहरातल्या शाळांसारखं आम्हाला कसं जमणार?
*- एक शिक्षक, नंदुरबार जिल्हा*

उत्तर: सर, तुमच्याकडे जे आहे ते शहरातल्या शाळांकडे नाही, झाडं. सीझनवॉच नावाचा उपक्रम आहे, त्यात मुलं एकच झाड निवडून दर आठवड्याला बघतात, नवी पालवी किती, कळ्या, फुलं, फळं किती, एवढंच लिहायचं. आठवडाभर वहीत लिहा, तुम्ही टेकडीवर गेलात की फोनवरून भरा. देशभरातली मुलं तेच करत असतात, त्यामुळे आपल्या आंब्याला मोहोर कधी आला आणि केरळात कधी, हे मुलांना शेजारी ठेवून बघता येतं.

पण मला यातून एक वेगळाच प्रोजेक्ट सुचतोय. दर उन्हाळ्यात ते बहाव्याचं व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड फिरतं, बहावा फुलला की 45 दिवसांनी पाऊस येतो वगैरे. कुणी तपासलंय का? तुमची मुलं तपासतील. आसपासचे बहावे मोजून त्यांना नंबर द्या, प्रत्येकाचा पहिला घोस कधी दिसला ती तारीख लिहा, मग पावसाची तारीख. इथेच वर्गात भांडण होणार आणि ते व्हायलाच हवं, कारण पाऊस म्हणजे कोणता? वळीव धरायचा की मान्सून? हे फूल यायच्या आधी ठरवून फळ्यावर लिहून ठेवा, नंतर उत्तर जमवण्यासाठी व्याख्या बदलायची नाही.

मागच्या वर्षांसाठी नेट वापरा. 2025 चं वर्ष यासाठी फार छान आहे, मान्सून केरळात 24 मेला आला आणि मुंबईत 26 मेलाच पोचला, एरवी मुंबईची तारीख 11 जून धरतात. फॉरवर्ड खरं असेल तर मुंबईतला बहावा 11 एप्रिलच्या सुमाराला फुलायला हवा होता. आयनॅचरलिस्टवर लोकांनी टाकलेले फोटो तारखेसकट असतात, तिथे बहावा शोधा आणि त्या एप्रिलचे फोटो बघा. घरातल्यांच्या फोनच्या गॅलरीत पण तारखा असतात. फक्त एक, लोक फोटो काढतात ते झाड पूर्ण पिवळं झाल्यावर, पहिल्या घोसाला कुणी काढत नाही, हे मुलांना आधीच सांगू नका, त्यांना सापडू द्या.

अडचण एकच, ऐन वेळी मे महिन्याची सुट्टी लागते. त्यामुळे शाळेजवळचं झाड घेऊ नका, ज्याच्या त्याच्या घराजवळचं घ्या.

प्रश्न: मुलगी सहावीत, पक्ष्यांचे फोटो आयनॅचरलिस्टसारख्या साइटवर टाकायचं म्हणते. अकाउंट काढून द्यावं का?
*- एक बाबा, ठाणे*

उत्तर: बऱ्याच साइट्सवर 13 वर्षांखालच्या मुलांना स्वतःचं अकाउंट काढता येत नाही, त्यामुळे वय खोटं टाकण्यापेक्षा तुमच्या नावाने काढा आणि दोघं मिळून वापरा. घराच्या खिडकीतून काढलेल्या फोटोचं लोकेशन नेमकं दाखवू नका, आयनॅचरलिस्टवर ते धूसर ठेवायची सोय आहे. मुलीचा स्वतःचा चेहरा, शाळेचा युनिफॉर्म फोटोत नको. पक्षी ओळखता आला नाही तर नाव अंदाजाने टाकायचं नाही, नुसतं 'पक्षी' लिहून टाकलं तरी चालतं, ओळखणारी माणसं तिथे असतात आणि बहुतेक वेळा कुणी ना कुणी सांगतं.