चकव, पण फसवू नकोस

प्रिय मुली,

तुझं पाकीट सोमवारी मिळालं. दोन्ही खर्डे एका बैठकीत वाचले, मग पहिला पुन्हा काढला. रात्रीचा दीड वाजला तरी तुझ्या चिठ्ठीतली ओळ डोक्यातून जाईना. 'काकू, खुनी सोसायटीतलाच ठेवला तर आमच्या बिल्डिंगमधले लोक स्वतःला ओळखतील, म्हणून दुसऱ्या खर्ड्यात वॉचमनचा भाचा केलाय. चालेल ना?'

नाही चालणार.

तुला लिहिता येतं की नाही, हा आपल्यात प्रश्नच नाही. म्हणून थेट मुद्द्यावर येते. रहस्यकथा लिहिणाऱ्याने वाचकाला चकवावं, फसवू नये. हातातली वस्तू सगळ्यांसमोर ठेवूनही ती कुणाच्या लक्षात येत नाही, तेव्हा तू चकवलंस. वस्तू खिशातच ठेवलीस आणि शेवटी बाहेर काढून दाखवलीस, तर फसवलंस. वॉचमनचा भाचा तू खिशातून काढलायस. चौतीस पानांत तो एकदाही दिसत नाही.

पहिल्या खर्ड्यात काय होतं ते बघ. मारले जातात सोसायटीचे सेक्रेटरी, खुनी खजिनदार. मुलुंडमधली सोसायटी, कोजागरी, गच्चीवर साठ माणसं, भेळ, हाउजी आणि आटीव दुधाचं पातेलं. विलायती रहस्यकथांमध्ये बर्फाने वाट बंद झालेला वाडा असतो, तसा तुझ्याकडे गच्चीचा एकुलता एक दरवाजा आहे. त्याची किल्ली सेक्रेटरींच्या कमरेला आणि खाली गेटवर वॉचमनचं रजिस्टर. बाहेरचा माणूस येऊच शकत नाही. 'को जागर्ति?' म्हणत लक्ष्मी फिरते त्या रात्री साठ माणसं जागी होती आणि एकालाही काही दिसलं नाही. एवढं घट्ट वर्तुळ आखलंस आणि मग स्वतःच पुसून टाकलंस?

आणि तो ग्लास! सेक्रेटरींना डायबेटीस, म्हणून बिनसाखरेच्या दुधाचा त्यांचा ग्लास वेगळा, त्यावर रबरबँड. पहिला घोट घेऊन ते तोंड वाकडं करतात आणि सगळी गच्ची हसते, कारण दरवर्षी ते असंच तोंड करतात. त्या हसण्यात मीही होते गं. दुधात पडलेली बिट्टीची, म्हणजे पिवळ्या कण्हेरीची, बी कडूजहर असते आणि तो कडूपणा सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेला आहे. आपण तो वाचतो आणि हसून पुढे जातो. विनोदाच्या पोटात पुरावा ठेवणं म्हणजे हे. खुनाच्या गोष्टीत विनोद शोभत नाही म्हणणाऱ्या तुझ्या लेखनगटाला हे पान मोठ्याने वाचून दाखव. हसताना माणूस बेसावध असतो, आणि तुला तो त्याच क्षणी हवा असतो.

आजींचं ओवाळणं तर त्याहून सरस. कोजागरीला घरातल्या थोरल्या लेकराची आश्विनी करतात. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी तबक घेऊन उठतात आणि स्वतःच्या मुलाला सोडून खजिनदारांना ओवाळतात. 'आजी, चष्मा विसरलात!' म्हणत सगळे हसतात. आजी विसरलेल्या नाहीत. पंचावन्न वर्षांपूर्वी दत्तक गेलेला त्यांचा थोरला तोच आहे. ते वाचल्यावर मी खर्डा खाली ठेवला आणि जरा वेळ खिडकीशी जाऊन उभी राहिले. दुसऱ्या खर्ड्यातही आजी ओवाळतात, सगळे हसतात, आणि त्याचं पुढे काहीच होत नाही. आजी खरंच वेंधळ्या ठरतात. म्हातारीची थट्टा तेवढी उरते.

आता माझं ऐक. १९८७ साली एका दिवाळी अंकासाठी मी हळदीकुंकवातल्या खुनाची गोष्ट लिहिली. खुनी होती घरातली मोठी जाऊ. संपादकांचा निरोप आला की आमच्या वाचकांना चांगल्या घरातली बाई खुनी चालणार नाही, मोलकरीण करा. मानधन १५० रुपये होतं. पहिल्यांदाच नाव छापून येणार होतं. मी एका रात्रीत शेवट बदलला.

अंक आला. माझ्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंची मुलगी तेव्हा सातवीत होती. तिने कौतुकाने अंक घरी नेला आणि आईला गोष्ट वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी बाई आल्या, भांडी घासली, पालथी घातली, ओले हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, 'ताई, ती बाई आधी गोष्टीत कुठं होती?' एवढंच विचारलं. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. मला उत्तर देता आलं नाही. ती बाई आधी गोष्टीत कुठेच नव्हती. शेवटी कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायचं होतं, म्हणून तिला बोलावलं होतं.

त्यानंतर मी कुणाच्या सांगण्यावरून खुनी बदललेला नाही. दोन संपादकांना नकार दिला. एका मालिकेवाल्यांना दर आठवड्याला संशय नव्या माणसावर हवा होता आणि खरा खुनी कोण ते नंतर ठरवू म्हणत होते. त्यांनाही नाही म्हटलं. सहा गोष्टी अजून ट्रंकेत पडून आहेत. घरातले म्हणतात, हट्टापायी नुकसान करून घेतलंस. झालं असेल. पण त्या सहांपैकी कुठलीही उचल, दुसऱ्या-तिसऱ्या पानावर खुनी तुला भेटलेला असेल, तुझ्याशी चार शब्द बोललेला असेल. त्या ट्रंकेची मला लाज वाटत नाही. छापून आलेल्या त्या एका गोष्टीची वाटते.

आणि हा काही माझ्या एकटीचा सोवळेपणा नाही. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या पाद्र्याने रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. पहिलाच नियम असा की गुन्हेगार गोष्टीत लवकर आलेला असला पाहिजे. लंडनच्या डिटेक्शन क्लबमध्ये येणारे लेखक तर वाचकापासून महत्त्वाचा पुरावा लपवणार नाही अशी शपथ घेत. मी ते नियम पुष्कळ नंतर वाचले. मला ते आधीच आमच्या मोरीच्या दाराशी कळले होते.

आता दुरुस्त्या. इथे मी जरा कडक होणार आहे, कारण आळस दिसला की माझं डोकं फिरतं. बिट्टीचं विष हृदयावर काम करतं. घोट घेतला आणि कोसळला, असं होत नाही, तास जातात. म्हणजे सेक्रेटरी हाउजीचे आकडे पुकारत राहतील, मळमळतंय म्हणतील, कुणीतरी भेळेला दोष देईल. त्यांना तेवढा वेळ दे. खुसखुशीत गोष्टीतसुद्धा माणूस मरतो आहे, हे एका पानापुरतं तरी जाणवू दे. तुझा इन्स्पेक्टर फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ म्हणतो. १ जुलै २०२४ पासून ते नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४ झालं. आधी आकस्मिक मृत्यूची नोंद होईल, पंचनामा, शवविच्छेदन, मग व्हिसेरा, म्हणजे शरीरातल्या अवयवांचे नमुने, कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जाईल. तुझ्याकडे अहवाल सकाळी चहाबरोबर येतो! तसा येत नाही, त्याला आठवडे लागतात. आणि ते आठवडे तर तुझं सोनं आहेत. पोलीस गप्प, सोसायटी मात्र लिफ्टमध्ये, गिरणीत, भाजीवाल्यापाशी बोलते आहे. तुझी गोष्ट तिथे घडू दे.

पुनर्विकासाची सभा वार्षिक म्हणू नकोस. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, कोजागरी त्यानंतर येते. विशेष सर्वसाधारण सभा म्हण. संमतीही ७० टक्के नाही, २०१९च्या शासन निर्णयापासून किमान ५१ टक्के लागते. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारसांच्या वतीने सांभाळणारा. पंधरा वर्षं सोसायटीचे कागद हाताळणाऱ्या खजिनदाराला हे ठाऊक असणारच. दत्तक गेलेल्या मुलाचा जन्मघरावर हक्क उरत नाही, म्हणून आजींचं घर मिळायला त्याला मृत्युपत्रच हवं. सेक्रेटरींच्या हाती नामांकनाचा अर्ज न लागता त्या मृत्युपत्राची झेरॉक्स लागू दे.

एक चूक मात्र फार गोड आहे. रात्री साडेआठला तुझा चंद्र डोक्यावर आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमाराला उगवतो आणि मध्यरात्रीकडे माथ्यावर येतो. साडेआठला तो पूर्वेलाच असणार, आणि पाण्याच्या टाकीची सावली पश्चिमेला पडणार. तुझं पातेलं टाकीच्या पश्चिमेला आहे, तूच लिहिलंयस. म्हणजे त्या दुधात चंद्र दिसूच शकत नाही. मग असं कर. पोरांना भांडू दे की आपल्या दुधात चंद्र येतच नाही, कुणीतरी टाकीलाच शिव्या घालू दे, सगळे हसू देत. चार पानांनी खजिनदार सहज म्हणेल, 'साडेआठला मी पातेल्याशीच होतो, काय सुंदर चंद्र पडला होता दुधात!' तिथे थांबू नकोस, काही समजावू नकोस, पुढे लिहीत जा. तुझ्या पहिल्या खर्ड्यातल्या पेन्शनर जोशीबाईंना ते खटकलं असेल. वाचकालाही खटकू शकतं. त्याच्यापुढे सगळं ठेवलेलं आहे, फसवणूक कुठेच नाही.

राहिली तुझी भीती. लोक ओळखतील? मग खजिनदाराच्या मिशा काढ, त्याला दुसऱ्या मजल्यावरून पाचव्यावर ने, बँकेतून काढून शाळेत घाल. खऱ्या माणसाचं गुपित वापरलं असशील तर ते काढून टाक, तिथे मी तुझ्या बाजूने आहे. पण तुला भांडण नकोय म्हणून ज्याला उत्तर द्यायला सोसायटीच्या सभेत खुर्चीच नाही, त्याच्या भाच्यावर खून ढकलू नकोस. तुमचे वॉचमनकाका वाचतात ना? रात्रपाळीला त्यांच्या टेबलावर नेहमी पेपर असतो, मी पाहिलाय. उद्या त्यांनी तुला विचारलं, तर काय सांगशील?

दुसरा खर्डा सोबत परत पाठवते आहे. पहिला माझ्याकडेच ठेवलाय, कारण तो तू फाडशील असं मला वाटतं. अकराव्या पानाला, आजी तबक घेऊन उठतात तिथे, मी पेन्सिलीने खूण केली आहे. तिथून पुन्हा लिहायला घे आणि शेवट शेवटी लिही. बुधवारी चारनंतर मी घरी आहे. लिहिलेलं असेल तेवढं घेऊन ये. आणि बिट्टीचं झाड प्रत्यक्ष पाहिलेलं नसेल तर येताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांब, कुंपणाला लागून आहे, पिवळी फुलं आलीत. हात मात्र लावू नकोस.

तुझी,
काकू