कथा, कविता, नाटकांतून जगण्याला खरंच अर्थ मिळतो का? मी इतकं वाचतो, तरी कुणाशीच जोडलं गेल्यासारखं का वाटत नाही?

तुम्ही लिहिलंय की गाव निलंग्याकडचं, नोकरी पुण्यात, खोली भाड्याची. पुस्तकं भरपूर वाचता, रविवारी जमलं तर नाटकही बघता, पण पडदा पडला की पुन्हा एकटेच. घरी कुणी वाचणारं नाही, मग सुरुवात कुणापासून करू, हे शेवटी विचारलंय.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. माहेर अंबाजोगाईचं. माझ्यापुरतं उत्तर आधीच सांगून टाकते: मिळतो. पण नुसतं वाचून थांबलं तर अर्धाच. वाचलेलं, आठवलेलं कुणाला तरी सांगावं लागतं, आणि सांगताना आपल्या पदरचंही थोडं घालावं लागतं. मग समोरचा त्याचं काढतो. माझ्या डोळ्यांसमोर माणसं जोडली गेली ती अशीच, गोष्टीला गोष्टीनं उत्तर मिळालं तेव्हा. तुमच्याकडं गोष्टी येतात, पण तुमच्याकडून कुणाकडं जात नाहीत, असं मला तुमचा प्रश्न वाचून वाटलं.

दसरा झाला की आमच्याकडची गावं निम्मी ओस पडतात. मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. काही लेकरं सोबत जातात, काही आजी-आजोबांकडं राहतात, काही हंगामी वसतिगृहात. अशा वर्गाला 'माझी आई' हा निबंध दिला की सगळ्या वह्यांत एकच आई सापडते. ती पहाटे उठते, मला डबा देते, माझा अभ्यास घेते. ती आई त्या वर्गातल्या कुणाचीच नसते. लेकरं खोटं लिहितात असं नाही, निबंधात असंच लिहायचं असतं हे त्यांना पक्कं ठाऊक झालेलं असतं.

एका वर्षी निबंध बाजूला ठेवून मी एवढंच विचारलं, की गाडी भरताना मायनं काय काय सोबत घेतलं आणि काय घरी ठेवलं? आधी यादी आली. तवा, काठवट, पत्र्याची पेटी, ज्वारीचं पोतं, शेळी, कोपीवर, म्हणजे फडावरच्या झोपडीवर, टाकायचा कागद. मग मागच्या रांगेतली एक पोरगी म्हणाली, "बाई, मव्ही माय वाती वळून ठिवून गेली. आजीला दिसत न्हाई म्हणून. शिमग्यापस्तोर पुरत्याल इतक्या." वर्ग गप्प झाला नाही, उलट एकदम बोलायला लागला. एकाची माय जाताना कुलपाची किल्ली शेजारणीच्या हातात न देता त्याच्या करगोट्याला बांधून गेली होती. एकीच्या मायनं धाकट्याचं झबलं घरी ठेवलं होतं, कारण ते धाकटं आता नव्हतं. ते तिनं सांगितलं आणि शेजारच्या पोरीनं तिचा हात धरून लगेच आपल्या भावाचं सांगितलं. दोघी चार वर्षं एका बाकावर बसत होत्या आणि दोघींना एकमेकींचं हे माहीत नव्हतं.

'मला आईची आठवण येते' हे वाक्य तिथं कुणीही म्हणालं असतं, आणि ऐकणाऱ्यानं मान हलवून सोडून दिलं असतं. वाती मोजून ठेवणारी माय डोळ्यांसमोर उभी राहते, आणि तिच्या शेजारी आपली माय आपसूक येऊन बसते. म्हणून सांगते, तुम्ही कुणाशी बोलायला जाल तेव्हा "मला एकटं वाटतं" इथून सुरू करू नका. खोलीत शिरल्यावर तुम्ही पहिलं काय करता ते सांगा. डबा कोण देतं, त्यातली कोणती भाजी न खाता परत जाते, ते सांगा.

कवितेचं मी माझ्या आजीकडून शिकले. ती गंगाखेडच्या बाजूची, जनाबाईच्या गावाकडची. शाळा तिनं पाहिली नव्हती. जनाबाईच्या अभंगांत विठ्ठल दळू लागतो, शेण्या वेचतो, हे तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. दळताना सोबतीला कुणीतरी हवं असतं हे तिला हातानं कळत होतं. १९७२ च्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. दुष्काळात वाटलेल्या लाल मिलो ज्वारीचे आणि सुकडीचे ते दिवस. गावोगावच्या, नाना जातींच्या बाया एका ओळीत बसून हातोडा चालवायच्या आणि जात्यावरच्या ओव्या खडीवर गायच्या. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं उचलायची. आजीची एक ओवी माझ्या तोंडात बसली आहे:

जुंधळ्याचं पीठ, पांढरे माझे हात
बहीण माझी नांदते बालाघाटाच्या आत

पहिल्या ओळीत समोर दिसणारी वस्तू, दुसऱ्या ओळीत लांबचं माणूस. भाऊ, बहीण, लेक, नाहीतर विठू. ओवी जवळजवळ नेहमी कुणाला तरी उद्देशून असते, आणि गाणारीला पक्कं माहीत असतं की ते माणूस ऐकत नाहीये. ऐकत असते ती शेजारची, हातोडा चालवणारी. तिचीही बहीण कुठंतरी नांदत असते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, गाणाऱ्या बायांच्या नावागावासकट. आमच्या जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्या गायल्या आहेत. जात्याशी बसलेल्या बाईनं बाबासाहेबांना घरातल्या माणसासारखं बोलवावं, याहून मोठी कविता मला माहीत नाही. तुम्ही कविता लिहीत असाल तर एकदा कुणाचं तरी नाव मनात धरून लिहून बघा. "जीवन" या विषयावर नको. मामाला लिहा, शाळेतल्या मित्राला लिहा.

आता नाटक, आणि इथं मला सगळ्यात जास्त बोलायचंय. गोष्ट आपल्या तोंडानं सांगता येते, नाटकात मात्र दुसऱ्याच्या तोंडानं बोलावं लागतं. आपल्या मराठवाड्याला हे नवं नाही. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथ महाराजांनी भारुडं रचली तेव्हा त्यांत जोशी आला, वासुदेव आला, गोंधळी आला, आंधळा-पांगळा आला, जोहार घालणारा महार आला. पैठणसारख्या गावच्या ब्राह्मणानं या सगळ्यांच्या तोंडानं 'मी' म्हणायचं, हे त्या काळात काय असेल याचा विचार करा. आजही आमच्या सप्त्यात भारुडकरी लुगडं नेसून उभा राहतो तेव्हा बाया हसतात, आणि मध्येच एखादी पदराला डोळे पुसते.

त्या वर्गातल्या गोष्टींचं आम्ही पुढं छोटं नाटक केलं. भूमिका वाटताना मी एकच गोष्ट धरून बसले: मुकादमाचा पुतण्या ऊसतोड कामगार होईल आणि कामगाराचा पोरगा मुकादम. दोघंही नाराज. मुकादम झालेला पोरगा पहिले काही दिवस नुसता ओरडायचा, दात-ओठ खायचा. मी त्याला म्हटलं, मुकादम का ओरडतो ते घरी विचारून ये. दुसऱ्या दिवशी आला तो आजोबांकडून पुरता हिशोब समजून. "बाई, त्यो उगं वरडत न्हाई. कारखान्याकून त्यानं बी पैसं उचललेत. कोयता पळून गेला तर सगळं त्याच्या बोकांडी बसतंय." कोयता म्हणजे तोडणीला आणलेलं जोडपं. त्यानंतर त्याचा मुकादम आवाज खाली आणून बोलायला लागला आणि जास्त भीतिदायक झाला. मुकादम चांगला असतो असं त्या पोरानं ठरवलं नाही. त्याला मुकादम कळला, एवढंच. घरात ज्याचं नाव निघालं की सगळे गप्प होतात, तो माणूस त्याला आतून दिसला.

कारखान्यांचे पट्टे पडले, म्हणजे हंगाम संपला, माणसं गावाला परतली, आणि शाळेच्या ओट्यावर आम्ही ते नाटक केलं. उसाची मोळी म्हणून कडब्याच्या पेंढ्या होत्या. पोरगी पेंढी उचलून डोक्यावर ठेवते तोच पुढं बसलेला एक बाप उठला. "अशी न्हाई उचलत. आधी गुडघा लाव." आला तो थेट ओट्यावर. गळ्यातल्या उपरण्याची चुंबळ केली, पेंढी गुडघ्यावर घेतली, तिथून खांद्यावर, खांद्यावरून डोक्यावर, आणि मोकळ्या हातानं शिडी धरल्याची खूण करून हवेतच पायऱ्या चढून दाखवल्या, मान न हलवता. त्याचा लेक त्याच नाटकात होता. आजीकडं राहणारं ते पोरगं, बापाचं काम त्यानं कधी पाहिलेलंच नव्हतं. मग बाया बोलायला लागल्या. पाचट हाताला कसं चरतं, रात्री-बेरात्री गाडी आली की भरायला कसं उठावं लागतं, आजारी पडून खाडा झाला तर दंड कसा बसतो. नाटक तिथंच राहिलं, उरलेले प्रसंग झालेच नाहीत, आणि मला त्याची जराही हळहळ नाही. लेकरं प्रश्न विचारत होती, आई-बाप उत्तरं देत होते, कितीतरी वेळ.

असं काही पुण्या-मुंबईतच घडतं असंही नाही. २०१२ च्या सुमारास जालना जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या, शेतीत राबणाऱ्या पोरांनी उभं केलेलं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' हे नाटक राज्यभर गाजलं, हे तुम्हाला आठवत असेल. ती पोरं दिवसा रानात होती.

एका बाबतीत मात्र माझं मत कडक आहे. स्पर्धेच्या एकांकिकांत शेवटी फास लटकलेला दिसला की मला राग येतो. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचं मरण टाळ्यांसाठी वापरायचं, आणि ज्या घरात ते घडलं तिथल्या बाईला एका शब्दानं विचारायचं नाही, यातून कुणी कुणाशी जोडलं जात नाही. बक्षीस मिळतं. दुसऱ्याची गोष्ट घ्यायची तर त्याच्या दारात जाऊन, विचारून घ्यावी. तो नको म्हणाला तर परत यावं. आमच्या नाटकात त्या झबल्याचा प्रसंग नव्हता. पोरीला विचारलं होतं, ती नको म्हणाली.

तर सुरुवात कुणापासून? तुमच्या आईपासून करा, असं मी म्हणेन. ती वाचत नसेल, सांगते तर. तुम्ही निलंग्याकडचे, म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेची गोष्ट तुमच्या घरात असणारच. गणपती विसर्जनाची रात्र होती ती, माणसं मिरवणुकीतून उशिरा घरी येऊन झोपली होती, चार वाजायच्या आत जमीन हलली. किल्लारी आणि आसपासची गावं गेली, दहा हजारांच्या घरात माणसं गेली. आईला "भूकंपाचं सांग" म्हणू नका, ती पेपरात आलेलंच सांगेल. "त्या रात्री आपल्या घरात कोण कोण कुठं झोपलं होतं?" असं विचारा. दारापाशी कोण, माळवदाखाली कोण, बाहेर बाजेवर कोण. पुढचं ती आपणहून सांगेल, किंवा मध्येच थांबेल. थांबली तर रेटू नका. तिचं झालं की तुमचं एक सांगा, पुण्यातलं, तिला माहीत नसलेलं. पगाराचं आणि तब्येतीचं सोडून काहीतरी.

पुस्तकं सोडू नका. फोनवर एखादं पान तिला वाचून दाखवा, जिथं शेतीचं, माहेराचं काही असेल असं. कुठं चुकलंय ते ती लगेच सांगेल. पेरणीच्या बाबतीत लेखकांच्या चुका आमच्याकडच्या बाया फार पटकन धरतात, आणि तिथून तासभर बोलणं होतं असा माझा अनुभव आहे.

आणि पुण्यात आहात तर नुसते प्रेक्षक राहू नका. हौशी राज्य नाट्य स्पर्धेच्या फेऱ्या दरवर्षी होतात, त्यासाठी कितीतरी गट तालमी करत असतात. अशा एखाद्या गटाकडं जाऊन पाठीमागचं काम मागा. लेव्हल (रंगमंचावरचे चौथरे) उचला, प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू, सांभाळा, जमलं तर प्रॉम्प्टिंग, म्हणजे विसरलेलं वाक्य आडून सांगायचं काम, घ्या. प्रॉम्प्टरला सगळ्यांची वाक्यं ऐकावी लागतात, कोण कुठं अडखळतं हे त्यालाच आधी कळतं, आणि तालमीनंतरच्या चहाला कुणी त्याला वगळत नाही. अभिनय येत नाही ही अडचण नाही. वेळेवर येणारा माणूस प्रत्येक गटाला हवा असतो.

आईला फोन संध्याकाळचा स्वयंपाक उरकल्यावर करा, तेव्हा ती निवांत असेल. रेकॉर्ड करायचं मनात असेल तर आधी तिला विचारा. आणि ती जे सांगेल त्यातलं तुम्हाला काही लिहावंसं वाटलं, तर लिहून झाल्यावर पहिल्यांदा तिलाच वाचून दाखवा.