७ वर्षांच्या जेसिका डुब्रॉफच्या विमान अपघातात चूक कोणाची? आईने काय केलं?

मुलीची चूक नव्हती, हे आधी सांगते. ११ एप्रिल १९९६, अमेरिकेतलं शायन. सेसना १७७ या छोट्या विमानात जेसिका, मागे तिचे वडील आणि शेजारी ५२ वर्षांचा इन्स्ट्रक्टर, देश आरपार विमान उडवायचा रेकॉर्ड करायला निघालेले. पाऊस, वादळ समोर दिसत असताना टेकऑफ केलं, त्यात विमानात वजन जास्त आणि शायन ६,००० फुटांवर म्हणजे हवा विरळ, इंजिनाला जोर कमी, मग विमान स्टॉल होऊन, म्हणजे पंखांना उचल न मिळून, कोसळलं आणि तिघंही गेले. तपासात निघालं की कंट्रोल्स इन्स्ट्रक्टरच्या हातात होते आणि मीडियाला दिलेलं वेळापत्रक पाळायची घाई नडली. मला हेच सगळ्यात जास्त लागतं, एक दिवस थांबले असते तर काय बिघडलं असतं!

आईवर लोकांनी खूप टीका केली, पण ती मागे हटली नाही, मुलांना उडायचंय तर उडू द्या हेच म्हणत राहिली. मला ते पटत नाही, तरी लेक गमावलेल्या बाईला निष्ठुर म्हणणं तर अजिबात पटत नाही. त्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला, लायसन्स नसलेल्या मुलांनी रेकॉर्डसाठी विमान चालवायचं नाही.