टायमिंग बेल्ट तुटला: नवा बेल्ट टाकून पाहू की इंजिनच बदलू?

प्रश्न थोडक्यात असा: २०१५ ची डिझेल एसयूव्ही, दीड लिटर, आठ व्हॉल्वचं इंजिन. वर्धा रोडने नागपूरला येताना बुटीबोरीजवळ चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं, टोचन करून घरी आणली. मिस्त्रीने कव्हर काढलं तर टायमिंग बेल्ट तुटलेला. दोनच वर्षांपूर्वी एका गॅरेजमधून बेल्ट बदलला होता, बिल आहे. मिस्त्री म्हणतो नवा बेल्ट टाकून चालू करून पाहू. सर्व्हिस सेंटर म्हणतं इंजिन बदला, १ लाख ८० हजार. कोणाचं ऐकू?

उत्तर:

सध्या दोघांचंही ऐकू नका. हिंगणा एमआयडीसीत माझं हेड (इंजिनचा वरचा, व्हॉल्व बसवलेला भाग) दुरुस्तीचं मशीन शॉप आहे आणि बेल्ट तुटलेल्या गाड्यांची हेडं आमच्याकडे नेहमीच येतात. त्यातल्या बहुतेक गाड्या इंजिन न बदलता पुन्हा रस्त्यावर जातात. पण तुमचं नुकसान व्हॉल्वपुरतं आहे की खाली पिस्टनच्या रॉडपर्यंत गेलंय, हे हेड उतरवून मोजल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही. न मोजता दिलेला कुठलाही आकडा हा अंदाजच.

आधी एक काम करा. बॅटरीची वायर काढून ठेवा, म्हणजे घरातलं किंवा गॅरेजमधलं कोणी ‘पाहू बरं’ म्हणून सेल्फ मारणार नाही. धक्का मारून किंवा गिअरमध्ये ओढूनही गाडी हलवू नका. बेल्ट तुटला की कॅम (व्हॉल्व उघडणारा वरचा दांडा) जागच्या जागी थांबतो आणि काही व्हॉल्व उघडेच राहतात. खाली क्रँक (पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो दांडा) मात्र फिरत असतो आणि गाडी गिअरमध्ये असेल तर चाकंच त्याला फिरवत राहतात. डिझेलमध्ये कॉम्प्रेशन (सिलेंडरमधल्या हवेचा दाब) जास्त लागतं, त्यामुळे पिस्टन वर आला की त्याच्या आणि हेडच्या मध्ये जागा जवळपास उरतच नाही. उघड्या व्हॉल्वला पिस्टन आदळतो आणि व्हॉल्व वाकतो. तुम्ही बेल्ट तुटल्याबरोबर क्लच दाबला असेल तर थोडक्यात निभावलं असेल. आता सेल्फ मारला तर तोच मार पुन्हा बसेल.

मिस्त्रीचं म्हणणं काही जुन्या पेट्रोल इंजिनांना चालतं, जिथे पिस्टन आणि व्हॉल्व एकमेकांच्या वाटेत येतच नाहीत. तुमच्या डिझेलला ते चालणार नाही. त्याला पाहायचंच असेल तर नवा बेल्ट टायमिंगवर बसवून पान्याने, हाताने, क्रँकचे दोन पूर्ण फेरे द्यावेत. कुठे अडलं तर तिथेच थांबावं, जोर लावायचा नाही. नाहीच अडलं तर ग्लो प्लगच्या (थंड इंजिन तापवणाऱ्या प्लगच्या) भोकातून कॉम्प्रेशन मोजावं. धड डिझेल इंजिन साधारण २५ ते ३० बार दाखवतं. एखाद्या सिलेंडरला काटा हललाच नाही तर व्हॉल्व वाकलाय हे नक्की. ते कळलं की बेल्ट काढायचा आणि हेड उतरवायचं.

हेड उतरलं की गॅरेजमध्ये स्वतः जा आणि पिस्टनचा माथा पहा. काजळी बोटाने पुसली की व्हॉल्वच्या कडेची चंद्रकोरीसारखी खूण दिसते. नुसती चमकणारी, नखाला जेमतेम लागणारी खूण असेल तर त्या पिस्टनला काही होत नाही. चीर दिसली, किंवा व्हॉल्वचं डोकंच तुटून आत खडखडलं असेल, तर पिस्टन बदलावा लागेल आणि सिलेंडरची भिंतही तपासावी लागेल. अशा वेळी तुकडे टर्बोपर्यंत गेलेत का हेही पाहावं.

यानंतरचं मोजमाप बरेच जण टाळतात, आणि नेमकं तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. डिझेल इंजिनात पिस्टन सगळ्यात वर असताना ब्लॉकच्या पातळीच्या किंचित वर डोकावतो. चारही पिस्टनची ही उंची डायल गेजने (बारीक फरक दाखवणाऱ्या काट्याच्या मापकाने) मोजायला सांगा. चारही आकडे जवळपास सारखे आले तर रॉड सरळ आहेत, खालचं इंजिन खोलायची गरज नाही. एखादा पिस्टन बाकीच्यांपेक्षा खाली राहत असेल तर त्याचा कनेक्टिंग रॉड वाकलाय. ते न बघता वरचं हेड कितीही चांगलं केलं तरी काही दिवसांत इंजिन ठोकायला लागतं, आणि मग गॅरेजवाला म्हणतो, हेडवाल्यानं काम खराब केलं.

हेड आमच्यासारख्याकडे आलं की आम्ही ते कुशीवर ठेवून वर आलेल्या पोर्टमध्ये (हवा-धूर जाण्याच्या भोकात) डिझेल ओततो. व्हॉल्व सरळ असेल तर थेंब गळत नाही. वाकलेल्याच्या कडेने लगेच पाझर सुटतो. पण न गळणारा प्रत्येक व्हॉल्व सरळच असतो असं नाही, म्हणून सगळे काढून फिरवून तपासतो. वाकलेले टाकायचे, गाइडला (व्हॉल्वची दांडी ज्या नळीत सरकते तिला) चीर असेल तर गाइड बदलायचा, सीट (व्हॉल्व टेकतो ती कड) जुळवायची आणि शेवटी हेडची प्रेशर टेस्ट. कॅमही नीट बघायचा, तोही कधीकधी तुटतो. फेसिंगच्या, म्हणजे हेडची खालची बाजू घासून सपाट करण्याच्या बाबतीत मात्र सावध राहा. ‘हेड आलंच आहे तर एक हात मारून देतो’ म्हणणारे पुष्कळ आहेत. काही डिझेल हेडना कंपनी फेसिंगची परवानगीच देत नाही, कारण हेड जितकं घासाल तितके व्हॉल्व पिस्टनच्या जवळ येतात. परत बसवताना हेड बोल्ट नवेच घ्या. हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधली पट्टी) वेगवेगळ्या जाडीत मिळत असेल तर ती पिस्टनच्या त्याच उंचीवरून निवडायची असते.

आता दोन वर्षांत बेल्ट तुटला काहून? बेल्ट चांगल्या कंपनीचा असेल तर तो स्वतःहून इतक्यात जात नाही. तुटलेला बेल्ट टाकून देऊ नका, त्याच्यावर सगळं लिहिलेलं असतं. एकाच ठिकाणचे दात उडाले असतील तर काहीतरी जाम झालं होतं: वॉटर पंप, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) किंवा डिझेलचा हाय प्रेशर पंप. कडा झिजून धागे निघाले असतील तर पुली तिरकी आहे. बेल्ट तेलाने फुगलाय तर कॅमचं किंवा क्रँकचं ऑइल सील गळतंय. हाय प्रेशर पंप बेल्टवरच चालत असेल तर तो हाताने फिरवून बघाच. तो जाम असेल तर त्याचा लोखंडी चुरा इंजेक्टरपर्यंत पोचलेला असू शकतो, आणि मग खर्चाचं गणितच बदलतं.

ते जुनं बिलही बाहेर काढा. त्यात नुसता बेल्ट आहे की टेन्शनर आणि वॉटर पंपही आहे? अनेक इंजिनांत वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो. लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीवर लोक पंपाचे पैसे वाचवतात, आणि जुन्या पंपाचं बेअरिंग नव्या बेल्टला घेऊन जातं. चूक त्या गॅरेजची दिसत असेल तर तुटलेले पार्ट, फोटो आणि बिल जपून ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायला कारण घडल्यापासून २ वर्षं मिळतात. गाडी खोलायच्या आधी त्या गॅरेजला लेखी कळवा, नाहीतर ‘आम्हाला पाहूच दिलं नाही’ हे उत्तर तयारच असतं.

विम्याची फार आशा धरू नका. झीज आणि यांत्रिक बिघाड नेहमीच्या पॉलिसीत येत नाहीत. इंजिन प्रोटेक्टचं जादा कव्हर असेल तर त्याच्या अटी वाचा; ते मुख्यतः पाणी शिरणं आणि ऑइल गळणं यांसाठी असतं. रोडसाइड असिस्टन्स असेल तर गाडी हलवण्यापुरता त्याचा उपयोग करून घ्या.

इंजिन बदलायचं कधी? दोन-तीन रॉड वाकलेत, ब्लॉकला मार लागलाय किंवा हेडला चीर गेली आहे, तेव्हा. तेव्हाही भंगारवाल्याकडचं जुनं इंजिन घेणार असाल तर त्याची कागदपत्रं पाहा आणि आरटीओत नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्या. तो राहिला तर पुढे विम्याचा दावा आणि गाडीची विक्री दोन्ही अडकतात.

सर्व्हिस सेंटरला एवढंच विचारा: हेड उतरवून मोजण्यापुरतं वेगळं एस्टिमेट देता का? नाही म्हणाले तर गाडी चांगल्या डिझेल मिस्त्रीकडे न्या आणि मोजणीचे पैसे वेगळे ठरवा. पिस्टनच्या उंचीचे चार आकडे आणि तुटलेल्या बेल्टचा फोटो खाली टाका, त्यावरून रॉडचं काय ते सांगतो.