तारीख, तिथी आणि विटकरी तुतवार

एप्रिल-मे आला की पक्ष्यांच्या या सदराकडे येणारे मेसेज एकदम वाढतात, आणि त्यात एक शब्द परत परत असतो, 'दुर्मीळ'. दुर्मीळ आहे का ताई, आम्हालाच पहिल्यांदा दिसला का. मला हे मेसेज मनापासून आवडतात कारण त्यामागे कुणीतरी खरंच थांबून बघितलेलं असतं. या अंकात सहा प्रश्न घेतलेत, काही मोठे काही छोटे.

ताई, आम्ही सीवूड्सला राहतो. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एनआरआय वसाहतीच्या मागच्या पाणथळीवर राखाडी पक्ष्यांच्या घोळक्यात तीन पक्षी एकदम विटेसारखे लाल दिसले. चोच लांब, टोकाला खाली वाकलेली. मॉर्निंग वॉकच्या ग्रुपमधले काका म्हणाले नवीनच जात आहे, इथे कधी बघितली नाही. फोटो मोबाइलचा आहे, सांभाळून घ्या.

फोटो पुरेसा आहे, चोचीचा बाक दिसतोय. हा कर्ल्यू सॅन्डपायपर, आपल्या तुतवार मंडळींपैकीच, म्हणजे चिखलात चरणाऱ्या छोट्या पक्ष्यांपैकीच एक. आणि काकांना सांगा की त्यांनी तो नक्की बघितलाय, बहुतेक नोव्हेंबरपासून रोजच बघितलाय, फक्त तेव्हा तो पाठीवर राखाडी आणि पोटाला पांढरा होता आणि बाकीच्या शंभर पक्ष्यांत मिसळून गेला होता. मार्च संपत आला की यांची पिसं बदलायला लागतात, आधी छातीवर दोन-चार लाल ठिपके, मग ठिगळं लावल्यासारखं अंग, आणि एप्रिलअखेर काही पक्षी पूर्ण विटकरी. जूनमध्ये हे सायबेरियाच्या उत्तर टोकाला टुंड्रामध्ये अंडी घालणार, हा त्याचा पेहराव. त्याच घोळक्यात नीट बघाल तर काळ्या शेपटीच्या गॉडविटची मान तांबूस झालेली दिसेल, चिखल्यांच्या छातीवर केशरी पट्टा आलेला असेल, आणि गोल्डन प्लोव्हर असला तर त्याचं पोट काळं व्हायला लागलेलं असेल. वर्षातले हे चार-पाच आठवडेच असे असतात, मी तर म्हणते खाडीवर एकदाच जायचं असेल तर डिसेंबरपेक्षा एप्रिलमध्ये जा.

आता दुर्मीळ का, तर ठाणे खाडीपुरता नाही. पण एक गोष्ट सांगायलाच हवी, ऑक्टोबर २०२४ मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेने या कर्ल्यू सॅन्डपायपरला 'असुरक्षित' यादीत टाकलं, ग्रे प्लोव्हर आणि ब्रॉड-बिल्ड सॅन्डपायपरसुद्धा त्याच वेळी त्याच यादीत गेले, आणि हे तिघंही आपल्याकडे दिसतात. म्हणजे आपल्याला घराच्या मागे सहज दिसणारा पक्षी जगात कमी कमी होत चाललाय. म्हणून तुमच्या तीन पक्ष्यांची नोंद 'कॉमन आहे' म्हणून सोडून देऊ नका, आकडा लिहा.

तुम्ही पुढे विचारलंय की दुसऱ्या दिवशी गेलो तर एकही नव्हता, असं का. तुम्ही बहुतेक ओहोटीला गेलात. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो आणि हे सगळे तिकडे खायला पसरतात, भरतीचं पाणी चिखलावर चढलं की बसायला जागा राहत नाही मग ते आत तळ्यांवर येतात. त्यामुळे तळ्यावर जायचं ते भरतीच्या आगेमागे. भरतीची वेळ काढायला आपल्या कोळी लोकांचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, सकाळी आणि रात्री दोन्ही, पंधरवडा कुठलाही असो. हा ढोबळ हिशोब आहे आणि खाडीत आतवर पाणी पोचायला थोडा जास्त वेळ लागतो, पण कॅलेंडरवर नजर टाकून रविवार ठरवायला पुरतो. मी स्वतः एकादशी-द्वादशीची सकाळ धरते. अष्टमी-नवमीला भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं, पक्षी बाहेरच राहतात. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला पाणी भरपूर असतं पण भरती भर दुपारी येते आणि एप्रिलच्या उन्हात डोळ्यांसमोर नुसती वाफ नाचते, रंग कळतच नाहीत.

आणि ही तळी का टिकायला हवीत तेही यातच आलं. खाडीचा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेला, पण भरतीच्या तीन-चार तासांत पक्षी जिथे टेकतात ती सीवूड्स-नेरुळची तळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. २०२४ च्या उन्हाळ्यात त्यातल्या एका तळ्यात खाडीचं पाणी येण्याची वाट बंद झाली, तळं सुकलं आणि फ्लेमिंगो रस्त्यावर यायला लागले, काही मेले. टेकायलाच जागा नसेल तर हजारो किलोमीटर उडायला लागणारी चरबी अंगावर कधी साठवायची त्यांनी.

मागच्या मे महिन्यात घोडबंदर रोडला आमच्या चौदाव्या मजल्याच्या बाल्कनीत एक रंगीत पक्षी सकाळी बसलेला, हिरवी पाठ, डोळ्यावर काळी पट्टी, शेपटीखाली लाल. हलतच नव्हता. आम्ही पाणी पाजायचा प्रयत्न केला, दुपारी उडून गेला. पुन्हा आला तर काय करायचं?

नवरंग! आणि पुन्हा येऊ शकतो, तोच नाही तर दुसरा, दर मे-जूनमध्ये मला असे मेसेज येतातच. नवरंग हिवाळ्यात दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत असतो, पावसाच्या तोंडावर विणीसाठी वर येतो, येऊरच्या जंगलात, कर्नाळ्यात, नॅशनल पार्कात. प्रवास रात्रीचा, त्यात आपल्या टॉवरचे दिवे आणि काचा, मग तो थकून नाहीतर धडकून कुठल्यातरी बाल्कनीत बसतो. हा पक्षी एरवी जमिनीवर पालापाचोळा उलटत फिरणारा, चौदाव्या मजल्यावर त्याला काही सुचत नाही.

पाणी पाजू नका, चोचीत टाकलेलं पाणी श्वासनळीत जाऊ शकतं. पुठ्ठ्याचा खोका घ्या, भोकं पाडा, तळाला जुना सुती कपडा, पक्षी हलक्या हाताने आत ठेवा आणि झाकण लावून शांत अंधाऱ्या जागी दोन-तीन तास विसरून जा. मधेमधे उघडून बघायचा मोह होतो, मुलांना दाखवायचं असतं, फोटो काढायचा असतो, ते सगळं टाळा. आतून हालचाल ऐकू यायला लागली की उजेड असतानाच खाली सोसायटीतल्या दाट झाडांपाशी खोका उघडून बाजूला व्हा. पंख लोंबत असेल, रक्त असेल किंवा संध्याकाळपर्यंत तरतरी आली नाही तर वनखात्याची हेल्पलाइन १९२६, तिथे फोन करा. घरी ठेवायचा विचार अजिबात नको, १९७२ च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

याच दिवसांत तिबोटी खंड्यासुद्धा असाच काचेवर आपटतो, चिमणीपेक्षा छोटा, जांभळा-केशरी, पायाला तीनच बोटं म्हणून तिबोटी. तोही पावसाळी विणीसाठीच कोकणात येतो. उपाय तोच, खोका आणि अंधार. आणि मे-जूनमध्ये रात्री गच्चीवरचे शोभेचे दिवे बंद ठेवायला सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढा, एवढं नक्की करा.

एप्रिलमध्ये खारघरच्या टेकडीजवळ मला युरोपियन रोलर दिसला. ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या संकेतस्थळावर टाकला तर रिव्ह्यूवरचा मेल आला, पुरावा द्या म्हणून. मी दहा वर्षं पक्षी बघतोय, खोटं कशाला बोलू? खूप वाईट वाटलं.

वाईट वाटणं मला कळतं, पण तो मेल तुमच्या खरेपणाबद्दल नसतो हो. ईबर्डवर प्रत्येक भागासाठी आणि प्रत्येक महिन्यासाठी एक फिल्टर असतो, त्या तारखेला तो पक्षी तिथे अपेक्षित नसला की नोंद आपोआप बाजूला पडते, आणि मग कुणीतरी स्वयंसेवक, तुमच्या-माझ्यासारखाच नोकरी सांभाळून, ती बघतो. तुम्ही हाच पक्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये टाकला असता तर एवढं विचारलं नसतं. युरोपियन रोलर आफ्रिकेकडे जाताना शरद ऋतूत पश्चिम भारतावरून जातात, पण परतताना सहसा आपल्याकडे वळत नाहीत. म्हणजे तुमच्या नोंदीत दुर्मीळ आहे तो महिना. खरी असेल तर तुमच्या बरोबरीने सगळ्यांसाठीच मोलाची आहे, म्हणून तर विचारतात.

आता मला सांगा, आपला नेहमीचा नीलपंख, म्हणजे इंडियन रोलर, नव्हता हे कशावरून ठरवलंत? तुमच्या मेसेजमध्ये फक्त 'निळा होता' एवढंच आहे. आपल्या नीलपंखाची छाती तपकिरी-विटकरी आणि त्यावर फिकट रेघा, युरोपियनची छाती आणि डोकं सगळं फिकट निळं. उडताना आपल्याच्या पंखात गडद आणि फिकट निळे पट्टे लख्ख दिसतात, युरोपियनच्या पंखाची मागची कड काळपट. यातलं काय दिसलं, उजेड कुठून होता, किती अंतर, किती वेळ, हे आठवत असेल तर जसंच्या तसं लिहून पाठवा, आठवत नसेल तर नोंद नुसती 'रोलर' म्हणून बदला, त्यात काहीच कमीपणा नाही.

मी स्वतः हे केलंय. काही वर्षांपूर्वी भांडुप पंपिंग स्टेशनला चोच पाठीत खुपसून झोपलेला एक पक्षी मी ग्रेट नॉट म्हणून लिहिला, इतकी हुरळले होते की घरी येईपर्यंत चार जणांना फोन झाले. सहा महिन्यांनी फोटो परत काढून बघितले, शेवटच्या फोटोत तो पंख ताणतोय आणि काखेत काळा डाग स्पष्ट आहे, म्हणजे ग्रे प्लोव्हर. त्याच रात्री नोंद बदलली आणि चौघांनाही कळवलं. तेव्हापासून एक सवय लावून घेतलीय, पुस्तक किंवा ॲप उघडायच्या आधी वहीत लिहायचं. शेजारच्या पक्ष्यापेक्षा मोठा की लहान, पायाचा रंग, चोच डोक्याच्या किती पट, उडताना पंखात आणि शेपटीत काय दिसलं, आवाज. पुस्तक आधी उघडलं की आपण डोळ्यांनी जे बघितलं त्याच्याऐवजी चित्रातलं लिहायला लागतो.

मार्चमध्ये कोलशेतला पांगाऱ्यावर गुलाबी-काळ्या पक्ष्यांचे थवेच्या थवे, एप्रिलमध्ये गायब. काय होते आणि कुठे गेले?

भोरड्या, पळसमैना पण म्हणतात. मध्य आशियात गेल्या विणीला, तिथे टोळ आणि नाकतोडे भरपूर असतात तेव्हाच पिल्लं काढतात. जुलै-ऑगस्टपासून परत यायला लागतील. मार्चमध्ये हजार दिसल्या तरी नेहमीचंच, पण जूनच्या मध्यावर एक जरी दिसली तरी मला फोटोसकट कळवा.

मी नववीत आहे. येऊरला मला आणि बाबांना जूनमध्ये नवरंगाचं घरटं सापडलं. शाळेच्या ग्रुपवर लोकेशन टाकू का? एक दादा म्हणाला स्पीकरवर आवाज लावला की पक्षी बाहेर येतो.

टाकू नकोस. तुझा आनंद मला कळतोय, एवढा मोठा गोल काटक्या-पानांचा घुमट कुणाला दाखवावासा वाटणार नाही! पण एक लोकेशन संध्याकाळपर्यंत दहा ग्रुपमध्ये जातं आणि रविवारी तिथे वीस कॅमेरे उभे राहतात. माणसं घरट्याभोवती थांबली की आई-बाप आत जायचं टाळतात, अंडी गार पडतात, आणि फांद्या बाजूला केल्या की कावळ्यालाही वाट दिसते. ग्रुपवर 'येऊर, जून, नवरंग' एवढंच लिही, घरट्याचा उल्लेखही नको. तू आणि बाबांनीही आता तिकडे परत जाऊ नका, पिल्लं उडून जाऊ देत.

आणि स्पीकरचं, तर नर आपल्या हद्दीत दुसरा नर आलाय असं समजून बाहेर येतो. तो भांडायला येतो रे, पोझ द्यायला नाही. विणीच्या दिवसांत त्याची ताकद अशी वाया घालवायची नाही. पहाटे किंवा दिवस मावळताना गप्प बसून राहा, त्याची दोन सुरांची शीळ आपोआप ऐकू येते. दादाला हे माझ्या नावाने सांग.

मी नौपाड्यातली आजी. लहानपणी आमच्या वाड्यात पावसाआधी 'पेरते व्हा' ओरडणारा पक्षी ऐकू यायचा, तोच चातक का? नातू म्हणतो चातक आफ्रिकेतून येतो, खरं वाटत नाही.

आजी, नातू बरोबर सांगतोय, पण तुम्ही ऐकलेला चातक नव्हे. 'पेरते व्हा' म्हणणारा तो पावशा, राखाडी, दिसायला शिक्रा या शिकारी पक्ष्यासारखा, आणि तो मुख्यतः इथलाच, फक्त उन्हाळ्याच्या शेवटी तोंड उघडतो म्हणून वाटतं की तेव्हाच आला. चातक काळा-पांढरा, डोक्यावर तुरा, पंखावर पांढरा ठिपका. तो मेअखेर-जूनमध्ये नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून येतो, सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात अंडी घालतो, अंडी सुद्धा सातभाईंसारखीच निळी. पाऊस आला की तो येतो हे आपल्या लोकांनी फार पूर्वीच हेरलं होतं, आणि २००७ साली मायग्रंटवॉच नावाचा उपक्रम देशभर सुरू झाला, त्यात लोकांकडून त्याच्या आणि इतर पाहुण्यांच्या आगमनाच्या तारखाच गोळा केल्या गेल्या.

तुमच्या लहानपणी नौपाड्यात पावशा ऐकू यायचा, हे वर्ष आणि जागेसकट मला लिहून पाठवाल का? अंदाजे साल चालेल. वाड्यात कुठली झाडं होती तेही आठवलं तर लिहा, आणि यंदा मेच्या मध्यापासून नातवाला रोज सकाळी दहा मिनिटं गच्चीवर तुमच्या शेजारी बसवा. पावशा तुम्ही ओळखाल, चातक तो.