पोर्तुगीज रक्त असलं की एचआयव्ही होत नाही, हे खरं का?

तुमचा म्हापशाचा मित्र म्हणतो, पणजोबा पोर्तुगीज होते, म्हणून त्याला एचआयव्हीची भीती नाही. मी फोंड्याला लॅबमध्ये काम करतो, असली बोलणी कानावर येतात. यात सत्याचा कण आहे, म्हणून तर ती खपतात.

हा विषाणू पांढऱ्या पेशीत शिरताना बहुतेक वेळा सीसीआर५ नावाच्या प्रथिनाचा आधार घेतो. काही लोकांच्या या जीनमधली ३२ अक्षरं गळालेली असतात, त्यामुळे ते प्रथिन पेशीवर येतच नाही. हे १९९६ मध्ये उघड झालं. पण अशी बिघडलेली प्रत आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून यावी लागते. उत्तर युरोपातसुद्धा असा माणूस शंभरात एखादा; दक्षिणेकडे प्रमाण आणखी घटतं, आणि पोर्तुगाल दक्षिणेलाच. भारतात तर ती प्रत फारच विरळ.

आता हिशेब करा. पणजोबांकडे एक प्रत होती असं धरलं, तरी ती पणतवापर्यंत पोचायची शक्यता आठात एक. शिवाय दुसरी प्रत घराण्याच्या दुसऱ्या बाजूने यायला हवी! एकाच प्रतीने लागण थांबत नाही, फार तर आजार जरा सावकाश वाढतो. आणि दोन्ही प्रती असलेल्यांनाही लागण झाल्याची उदाहरणं आहेत, कारण काही विषाणू सीएक्ससीआर४ या दुसऱ्या प्रथिनावरून आत शिरतात.

बर्लिनमध्ये टिमोथी रे ब्राउन या एचआयव्ही असलेल्या रुग्णाला ल्युकेमियासाठी (रक्ताच्या कर्करोगासाठी) अशा दोन्ही प्रती असलेल्या दात्याच्या मूळपेशी दिल्या आणि त्यांचा एचआयव्ही गेला, हे खरं. पण तो जिवावरचा उपचार होता, वारशाने मिळालेलं कवच नव्हे.

जीनच्या चाचणीवर पैसे घालवू नका. मित्राला सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात पाठवा. तपासणी फुकट आणि गोपनीय असते. म्हापशाचा माणूस बिचकत असेल तर नवल नाही. १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा यांना केवळ एचआयव्ही आहे म्हणून तिथेच दोन महिने कोंडून ठेवलं होतं. आज एचआयव्हीबाबतचा २०१७ चा कायदा आहे, संमतीशिवाय चाचणीही करता येत नाही. धोका अलीकडचा असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगा. आणि गोष्ट गेल्या तीन दिवसांतली असेल तर रिपोर्टची वाट बघत बसू नका, आजच डॉक्टरकडे न्या: ७२ तासांच्या आत सुरू केली तर २८ दिवसांची औषधं लागण टाळू शकतात.